नाकाची पुनर्रचना

नाकाची पुनर्रचना म्हणजे रोग, अपघात, शिक्षा किंवा शस्त्रक्रिया यांमुळे नष्ट झालेले नाक अथवा त्याचा काही भाग रुग्णाच्याच शरीरातील त्वचा, कूर्चा आणि आतील अस्तर वापरून पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया होय. प्लास्टिक सर्जरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुघटन शल्यचिकित्सेतील ही सर्वांत जुन्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. केवळ सौंदर्यासाठी नाकाचा आकार बदलण्याच्या शस्त्रक्रियेहून ती वेगळी आहे. तिचा हेतू चेहरा पूर्ववत करणे आणि श्वासमार्ग मोकळा राखणे हा असतो. पूर्वी तिची गरज मुख्यतः शिक्षा किंवा सूड म्हणून नाक कापलेल्या माणसांना भासे. आज ती बहुतेक वेळा नाकावरील त्वचेचा कर्करोग काढल्यानंतर करावी लागते. या शस्त्रक्रियेतील सर्वांत विश्वसनीय पद्धत म्हणजे कपाळाची त्वचा खाली वळवून नाक घडवणे. ही पद्धत पाश्चात्त्य वैद्यकाला प्रामुख्याने पुण्याजवळ १७९३ साली झालेल्या एका शस्त्रक्रियेच्या वृत्तान्तातून कळली.

नाकाची रचना

पुनर्रचनेच्या दृष्टीने नाकाचे तीन थर मानले जातात. बाहेरचा थर त्वचेचा असतो. नाकाच्या वरच्या भागात ही त्वचा पातळ व सैल असते, तर शेंड्याकडे आणि नाकपुड्यांवर ती जाड, तेलकट आणि खालच्या भागाला घट्ट चिकटलेली असते. त्यामुळे वरच्या भागातील लहान जखम बाजूची त्वचा ओढून शिवता येते, पण शेंड्यावरील तेवढीच जखम तशी शिवल्यास नाकपुडी वर खेचली जाते. मधला थर आधाराचा असून तो वरच्या बाजूस हाडाचा आणि खालच्या बाजूस कूर्चेचा बनलेला असतो. सर्वांत आतला थर म्हणजे नाकाचे ओलसर अस्तर होय.

यांपैकी जेवढे थर गेले असतील तेवढे सर्व परत द्यावे लागतात. केवळ बाहेरची त्वचा बसवली आणि आत अस्तर दिले नाही, तर त्वचेची उघडी आतील बाजू बरी होताना आकसते आणि नवे नाक सुरकुतून लहान होते. आधार दिला नाही, तर नाक बसते आणि श्वास घेताना नाकपुड्या आत ओढल्या जातात.

बाहेरून पाहता नाकाचे नऊ उपभाग पडतात : नाकाचा कणा, दोन बाजूंच्या भिंती, शेंडा, नाकपुड्यांचे दोन गोलाकार पंख, शेंड्याच्या कडांजवळचे दोन मृदू त्रिकोण आणि दोन नाकपुड्यांमधील स्तंभ. प्रकाश आणि सावली या उपभागांच्या सीमांवर बदलतात. म्हणून व्रण या सीमांवर पडला, तर तो सहसा डोळ्यांत भरत नाही.

त्वचेचा कर्करोग आणि नाक

नाक हा चेहऱ्याचा सर्वांत पुढे आलेला भाग असल्याने त्यावर ऊन सतत पडते. उन्हातील अतिनील किरण हे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे. गोऱ्या वर्णाच्या लोकांत हा रोग फार आढळतो. भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे त्यांना बरेच संरक्षण मिळते. तरी शेतकरी, कोळी, मिठागरांतील मजूर अशा आयुष्यभर उन्हात राबणाऱ्यांत हा रोग दिसतो. जन्मतःच त्वचेत रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींना त्याचा धोका विशेष असतो. जुना भाजल्याचा व्रण, पूर्वी घेतलेले किरणोपचार, पाण्यातून दीर्घकाळ पोटात जाणारे आर्सेनिक आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे हीदेखील कारणे आहेत.

नाकावर मुख्यतः तीन प्रकारचे कर्करोग होतात. बेसल सेल कार्सिनोमा हा त्यांतील सर्वांत नेहमीचा आहे. तो सावकाश वाढतो आणि शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी खोल पोखरत जातो. उपचार न झाल्यास तो कूर्चा व हाड खाऊन डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचू शकतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा अधिक वेगाने वाढतो आणि मानेतील लसीका ग्रंथींत पसरू शकतो. मेलॅनोमा नाकावर विरळ, परंतु तिन्हींत सर्वांत घातक असतो.

सावळ्या त्वचेत बेसल सेल कार्सिनोमा अनेकदा काळसर रंगाचा असतो. त्यामुळे तो तीळ किंवा चामखीळ समजला जातो. चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, चुना किंवा आम्ल लावून ती जाळणे हे ग्रामीण भागातील प्रचलित उपाय अशा गाठीवर केल्यास वरची त्वचा भाजते, खालचा रोग वाढत राहतो आणि निदानास उशीर होतो. नाकावरील जखम काही आठवडे उलटूनही भरत नसेल, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल, किंवा चमकदार कडेची गाठ हळूहळू वाढत असेल, तर तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करतात. हा उशीर पुनर्रचनेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असतो. वाटाण्याएवढी गाठ काढल्यावर राहणारी जखम एका बैठकीत झाकता येते. अर्धे नाक गेल्यास अनेक महिन्यांत विभागलेल्या दोन-तीन किंवा अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

इतिहास

सुश्रुतसंहिता

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कापलेले नाक जोडण्याचा विधी सांगितला आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा एका बाजूस जोडलेली ठेवून सोडवावी, नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा आणि त्यावर ती त्वचा बसवावी, असे त्याचे सार आहे. नाकपुड्या बंद होऊ नयेत म्हणून दोन नळ्या घालण्यास सांगितले असून पतंग, यष्टिमधु आणि रसांजन यांचे चूर्ण लावून वर कापूस ठेवावा व तिळाचे तेल शिंपडावे, असेही म्हटले आहे. जोडलेली त्वचा जिवंत राहण्यासाठी तिचा एक देठ मूळ जागी राहिला पाहिजे, हे आजच्या शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व या वर्णनात स्पष्ट आहे. पुढील काळात भारतात गालाऐवजी कपाळाची त्वचा वापरण्याची पद्धत रूढ झाली. ती ग्रंथांपेक्षा काही घराण्यांच्या हातातील कसब म्हणून पिढ्यानपिढ्या चालत राहिली.

पुण्याजवळील शस्त्रक्रिया

कावसजी हा शेतकरी जातीतील मराठा इसम इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करीत असे. १७९२ सालच्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. त्याच स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले. वर्षाहून अधिक काळ नाकाविना काढल्यानंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. हा कारागीर सामान्यतः कुंभार समजला जातो. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया होताना पाहिली होती.

लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानुसार कारागीर प्रथम मेणाचे पातळ नाक करून ते उरलेल्या खुंटावर बसवून पाही. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवी आणि त्याभोवती रेषा आखी. त्या रेषेत बसणारी त्वचा सोडवताना दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता राखली जाई, कारण नवा भाग जुन्याशी सांधेपर्यंत तिच्यातूनच रक्त येणार असे. नाकाच्या खुंटावरील व्रण छाटून त्यामागे एक चीर पाडली जाई. कपाळाची त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणली जाई आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवल्या जात. सांध्यावर पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावीत. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवीत आणि दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापली जाई.

हा प्रकार भारतात दुर्मीळ नसून तो बहुधा यशस्वी होतो, असेही त्या वृत्तान्तात नमूद आहे. कावसजीचे चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये काढले गेले. त्यावरून शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्चच्या सुमारास झाली असावी. चित्रकार जेम्स वेल्स हा त्या काळी पुण्यात पेशव्यांच्या दरबारातील व्यक्तींची चित्रे काढीत असे. या चित्रावरून तयार झालेले मुद्रण जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आजही छापले जाते. रुग्ण, साक्षीदार आणि चित्रकार यांची नावे इतिहासात राहिली. ज्याने नाक घडवले त्या कारागिराचे नाव मात्र वृत्तान्तात दिलेले नाही.

युरोपातील प्रसार

युरोपात या शस्त्रक्रियेची स्वतंत्र परंपरा होती. पंधराव्या शतकात सिसिलीतील ब्रांका पितापुत्र नाक बसवीत. बोलोन्या येथील गास्पारे ताल्याकोत्सी याने १५९७ मध्ये दंडाच्या त्वचेपासून नाक घडवण्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या पद्धतीत हात डोक्याशी कित्येक आठवडे बांधून ठेवावा लागे. त्याच्यानंतर ही विद्या युरोपात जवळजवळ लुप्त झाली.

पुण्याचा वृत्तान्त वाचून लंडनमधील शल्यविशारद जोसेफ कार्प्यू याने मृतदेहांवर या पद्धतीचा दीर्घकाळ सराव केला आणि भारतातून परतलेल्या लोकांकडे चौकशी केली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने पहिली शस्त्रक्रिया केली. ती सुमारे पंधरा मिनिटांत पूर्ण झाली. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. दोन यशस्वी शस्त्रक्रियांवरील त्याचे पुस्तक १८१६ मध्ये निघाले. त्यानंतर कार्ल फॉन ग्रेफे याने १८१८ मध्ये बर्लिन येथे याच विषयावर ग्रंथ लिहिला. कपाळाच्या त्वचेची ही रीत युरोपात 'भारतीय पद्धत' या नावाने रूढ झाली.

जुनागढ आणि इंदूर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील रुग्णालयांत ही पद्धत नव्या साधनांनिशी वापरली जाऊ लागली. काठेवाडातील जुनागढ संस्थानाचे वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी दरोडेखोरांनी नाके कापलेल्या शंभराहून अधिक रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १८८९ मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. होळकरांच्या इंदूर येथे रेसिडेन्सीचे शल्यवैद्य डी. एफ. कीगन यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत संशयापायी नवऱ्यांनी नाके कापलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने असत. कीगन यांनी नाकाच्या खुंटावरील त्वचा आत उलटवून नव्या नाकाला अस्तर दिले. त्यामुळे पुढे नाक आकसण्याचा दोष कमी झाला. त्यांचे पुस्तक १९०० मध्ये निघाले.

विसावे शतक

पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर जखमा झालेल्या हजारो सैनिकांवर उपचार करताना हॅरल्ड गिलीज यांनी आधुनिक सुघटन शल्यचिकित्सेचा पाया घातला. त्यांच्याकडे शिक्षण घेतलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शाखेची उभारणी केली आणि कुष्ठरोगाने बसलेली नाके व वाकलेले हात यांवर विशेष काम केले. मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयामुळे कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची पुनर्रचना एकाच ठिकाणी होण्याची सोय झाली.

अमेरिकेत फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात त्वचेचा कर्करोग थराथराने काढून प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत सुरू केली. गॅरी बर्गेट आणि फ्रेडरिक मेनिक यांनी १९८५ मध्ये उपभागांचे तत्त्व मांडले. एखाद्या उपभागाचा निम्म्याहून अधिक भाग गेला असेल, तर जखम ठिगळासारखी झाकण्याऐवजी उरलेला भागही काढून संपूर्ण उपभाग नव्याने घडवावा, असे हे तत्त्व आहे.

शस्त्रक्रियेचे नियोजन

कर्करोगाच्या बाबतीत पहिला नियम असा की, रोग पूर्ण निघाल्याची खात्री झाल्याशिवाय पुनर्रचना करू नये. गाठीभोवतीची काही मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही काढावी लागते. लहान, कमी धोक्याच्या बेसल सेल कार्सिनोमासाठी ती साधारण ४ मिमी. असते. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत का, हे मोस पद्धतीने किंवा ऊती गोठवून तत्काळ तपासले जाते. ही सोय नसेल तर जखम तात्पुरती झाकून, तपासणीचा अहवाल आल्यावर काही दिवसांनी पुनर्रचना करतात. कडेला रोग राहिला असताना त्यावर नवी त्वचा बसवली, तर तो तिच्याखाली लपून वाढतो आणि उशिरा लक्षात येतो.

पद्धती

जखमेची जागा, आकार आणि खोली पाहून पुढीलपैकी पद्धत निवडतात.

आपोआप भरू देणे : डोळ्याच्या कोपऱ्याजवळच्या खोलगट भागातील लहान, उथळ जखमा केवळ मलमपट्टीने चांगल्या भरतात.

त्वचारोपण : कानामागील किंवा कानापुढील त्वचा पूर्णपणे सुटी करून जखमेवर बसवतात. ही पद्धत सोपी आहे. मात्र त्वचेचा रंग व जाडी नेहमीच जुळते असे नाही, आणि उघड्या हाडावर किंवा कूर्चेवर अशी त्वचा जगत नाही. नाकपुडीच्या कडेचा लहान तुकडा गेला असल्यास कानाच्या कडेची त्वचा व कूर्चा एकत्र आणून बसवतात.

लगतच्या त्वचेचा पट : देठाने जोडलेल्या त्वचेच्या अशा भागाला डॉक्टर 'फ्लॅप' म्हणतात. नाकाच्या खालच्या भागातील सुमारे दीड सेंटिमीटरपर्यंतच्या जखमेसाठी दोन पाकळ्यांचा पट वापरतात. पहिली पाकळी जखम भरते, दुसरी पहिलीची जागा भरते आणि शेवटची जागा सैल त्वचेत शिवली जाते. नाकपुडीच्या पंखासाठी गाल व ओठ यांमधील घडीची त्वचा वापरतात.

कपाळाचा पट : मोठ्या किंवा सर्व थर गेलेल्या जखमांसाठी आजही हीच पद्धत श्रेष्ठ मानली जाते. कपाळाच्या त्वचेचा रंग व पोत नाकाशी जुळतो आणि भुवईच्या आतील टोकाजवळून वर जाणारी रोहिणी तिला भरपूर रक्त पुरवते. निरोगी बाजूचे माप घेऊन त्याचा साचा कपाळावर आखतात, त्वचा अरुंद देठावर सोडवतात आणि देठाला पीळ देऊन ती नाकावर आणतात. आधारासाठी कान, नाकातील पडदा किंवा बरगडी येथील कूर्चा वापरतात. अस्तर नाकाच्या उरलेल्या आतील भागातून किंवा पटाचीच घडी घालून मिळवतात. सुमारे तीन आठवड्यांनी देठ कापतात. गुंतागुंतीच्या पुनर्रचनेत मधला एक टप्पा घेऊन पट पातळ केला जातो.

अन्य उपाय : संपूर्ण नाक व आजूबाजूचा भाग गेला असल्यास मनगटाजवळील त्वचा रक्तवाहिन्यांसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. वृद्ध किंवा अशक्त रुग्णांना सिलिकॉनचे कृत्रिम नाकही देता येते.

पहिल्या टप्प्यानंतरचा काळ

कपाळाच्या पटाचा देठ दोन टप्प्यांमधील तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत लोंबत राहतो. तो आच्छादनाने झाकता येतो, पण चष्मा लावणे कठीण होते आणि बाहेर वावरताना संकोच वाटतो. या अवस्थेची छायाचित्रे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला व नातेवाइकांना दाखवून समजावणे आवश्यक असते, अन्यथा काही रुग्ण घाबरून उपचार अर्धवट सोडतात. कपाळावरची जखम भुवयांजवळ शिवली जाते. केसांच्या बाजूला उरलेली उघडी जागा बहुधा आपोआप भरते आणि तिचा व्रण कालांतराने फिका पडतो.

संभाव्य गुंतागुंतीत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पटाचा भाग काळा पडून मरणे, नाकपुडी अरुंद होणे आणि कडेला खाच पडणे यांचा समावेश होतो. धूम्रपान व तंबाखूमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पट मरण्याचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून ती सवय सोडण्यास सांगतात. कपाळ अरुंद असल्यास पटाबरोबर डोक्याचे केसही येतात आणि ते नंतर काढावे लागतात. सूज पूर्ण उतरण्यास अनेक महिने लागतात.

एकदा त्वचेचा कर्करोग झालेल्या व्यक्तीला तो त्याच जागी किंवा अन्यत्र पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे काही वर्षे नियमित तपासणी आणि टोपी, छत्री किंवा मलम यांनी उन्हापासून संरक्षण करावे लागते.

समाज आणि भाषा

नाक हे प्रतिष्ठेचे चिन्ह मानले जाते, ही समजूत मराठी भाषेत खोल रुजलेली आहे. नाक कापणे म्हणजे अब्रू घालवणे, नाक राखणे म्हणजे मान सांभाळणे, तर नाक घासणे म्हणजे शरण जाणे. लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले आणि त्यावरून नाशिक हे नाव पडले, अशी लोकपरंपरा आहे. नाक कापण्याची शिक्षा जीव घेत नसे. माणसाला जन्मभर अपमानाची खूण वागवत जगायला लावणे हा तिचा हेतू असे. या समजुतीचा भार आजच्या रुग्णांवरही पडतो. कर्करोगाने नाक गमावलेली व्यक्ती अनेकदा घराबाहेर पडणे, कामावर जाणे आणि समारंभांना उपस्थित राहणे टाळते. नाक जाईल या भीतीने काही रुग्ण कर्करोगाची शस्त्रक्रियाच लांबणीवर टाकतात आणि रोग वाढल्यावर अधिक भाग गमावतात. म्हणूनच गाठ काढण्यापूर्वीच पुनर्रचनेची कल्पना रुग्णाला देणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.